दोन कार्बोरेटर, दोन व्याही

दोन कार्बोरेटर एका सुरात आणायला असा किती वेळ लागणार? एसेनकुल मास्तरांचा अंदाज होता, पहिला चहा निवायच्या आत. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. हवेचा दाब, पोकळी, द्रवाची पातळी या विषयांवर त्यांनी तलावाकाठच्या त्या गावातल्या दोन पिढ्यांना वर्गात झोपवलं होतं. एवढ्या विद्वान माणसाला दोन स्क्रू पिळता येणार नाहीत, असं निदान त्यांना स्वतःला तरी वाटत नव्हतं.

गाडी म्हणजे बाजूला पाळणा, म्हणजे साइडकार, जोडलेली एक जुनी, जडशीळ मोटरसायकल. ज्या देशाने ती बनवली तो देश नकाशावरून गेला, पण ती मास्तरांच्या अंगणातून हलली नाही. रंग तांबडा, म्हणून तिचं नाव तोरू. तांबड्या घोड्याला इकडे तोरूच म्हणतात. तिचे दोन सिलिंडर दोन अंगांना बाहेर आलेले, त्यामुळे भांडायला कमरेवर हात ठेवून उभी राहिल्यासारखी ती दिसे. प्रत्येक सिलिंडरला आपापला कार्बोरेटर. दोघांनी सारखा श्वास घेतला तर गाडी शहाण्यासारखी चालते. एकाने जास्त घेतला की दुसरा रुसतो, आणि मग ती खोकते, शिंकते, फटाके उडवते आणि बरोबर चौकात बंद पडते.

आणि रविवारी मैरामची पाठवणी होती. मैराम ही मास्तरांची एकुलती एक लेक. शाळेत जायला लागल्यापासून तिने बापाकडून कबूल करून घेतलं होतं की नवरी होऊन घराबाहेर पडेन ती तोरूच्या पाळण्यातून, आणि गाडी चालवायची बाबांनी. मुलीबरोबर बापाने सासरी जायचं नसतं, तशी रीतच नाही. पण गावच्या वेशीवरच्या पुलापर्यंत गेला तर कोण अडवतंय? पुलावर ती नवऱ्याच्या मोटारीत बसेल, बाप मागे फिरेल, इतकं सगळं ठरलेलं होतं. गाडी चालली नाही तर मुलाकडचे भाड्याची लांबलचक पांढरी मोटार थेट दारात आणणार होते. त्या मोटारीचं नाव निघालं की मास्तर उठून तोरू पुसायला लागत.

गाडी रस्त्यावर काढायची म्हणून मास्तर आधी सज्जनासारखे वाहनांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने गाडीचा कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"हा कागद कुठल्या देशाचा?"

"जो गेला त्याचा," मास्तर म्हणाले.

"मग गाडी त्या देशाची झाली. त्यांचं ना-हरकत आणा."

"अहो, पण तो देशच राहिला नाही."

"तर मग हरकत कोण घेणार?" साहेब म्हणाला आणि त्याने कागद परत दिला. ही परवानगी होती की नकार, याचा मास्तर घरी येईपर्यंत विचार करत होते. शेवटी त्यांनी ती परवानगी समजायचं ठरवलं. शिकलेल्या माणसाला अशी सोय करून घेता येते.

मास्तरांनी हातात पेचकस घेतला आणि फाटकातून शेजारी आत आले. मोटरसायकलचं आणि लग्नाचं एक असतं. दोन्हींमध्ये सल्ला द्यायला आमंत्रण लागत नाही. पहिला आला औषधांच्या दुकानाचा मालक रिस्पेक. तो मास्तरांहून वयाने मोठा, म्हणजे त्याला आधी बसवायचं, पाव मोडून पुढे ठेवायचा, चहा ओतायचा. पाव चाखल्याशिवाय दारातून माणूस परत जात नाही, आणि पाव चाखला की तो लवकर जात नाही. रिस्पेकने चहा घेत घेत गाडीचं ऐकलं, "हिला दमा आहे" असं निदान केलं आणि डावा स्क्रू एक आटा आत पिळला.

मग आला ग्रीशा, निवृत्त वायरमन. त्याने उजवा स्क्रू बाहेर काढला, आणि एक्सलेटरची वायर तपासताना ती तोडली.

"कुजलीच होती," तो समाधानाने म्हणाला. "पुलावर तुटली असती तर? माझे उपकार माना, मास्तर."

तसली वायर बाजारात मिळेना. तेव्हा ग्रीशाच्याच सल्ल्याने क्लचची वायर काढून एक्सलेटरला लावली. गाडी अंगणात जागच्या जागीच सुरू करायची तर क्लच हवाय कशाला, हे त्याचं म्हणणं त्या घडीला पटण्यासारखं होतं.

खरी अडचण पुढेच होती. थोराने पिळलेला स्क्रू त्याच्या देखत धाकट्याने परत फिरवणं म्हणजे उघड अपमान. थोर उठून जाईपर्यंत थांबायचं. थोर उठत नाहीत, कारण चहा येतोय. चहा येतोय, कारण थोर बसलेत. मास्तर हातात पेचकस घेऊन नुसतेच उभे राहत, आणि त्यांची बायको कालीपा किटली घेऊन येताना त्यांच्याकडे अशी बघे की मास्तर पेचकस पाठीमागे लपवत.

"अहो, लग्न पोरीचं आहे की या गाडीचं?" ती एकदा म्हणालीच.

गुरुवारी सकाळी सुदैवाने कोणी आलं नाही. मास्तरांनी विज्ञानाला हाक मारली. दोन्ही कार्बोरेटर एका पारदर्शक नळीने जोडायचे, नळीत मधोमध तेल भरायचं. जो कार्बोरेटर जास्त ओढतो त्याच्याकडे तेल सरकणार. तेल मधोमध स्थिर राहिलं की दोघे समान झाले. अगदी सातवीच्या पुस्तकातला प्रयोग. नळी रिस्पेकच्या दुकानातून आणली, सलाईनची. इंजिनाचं तेल संपलेलं होतं म्हणून स्वयंपाकघरातून लग्नाच्या बोरसोकांसाठी ठेवलेलं तेल घेतलं. बोरसोक म्हणजे कणकेचे छोटे तळलेले वडे, त्याशिवाय इथलं कुठलंच शुभकार्य होत नाही.

मास्तरांनी किक मारली. तेल उजवीकडे सरकलं. मास्तर खूश झाले, विज्ञान खरं ठरलं. तेल आणखी सरकलं. मग उजव्या सिलिंडरने जोरात श्वास घेतला आणि नळीतलं सगळं तेल गटागटा पिऊन टाकलं. नळीचं डावं टोक सुटून तेलाच्या डब्यात पडलं, तेव्हा त्यातलंही त्याने बरंच ओढलं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोळ उठला, कुंपणावरून गल्लीत उतरला, आणि सगळ्या गल्लीत तळणाचा सुरेख, खमंग वास पसरला.

आता इथे वार होता गुरुवार. गुरुवारी तेल तापवायचं आणि त्याचा वास घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचवायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. असा वास आला की शेजाऱ्यांनी हातातलं काम टाकून यायचं, बसायचं आणि मृतांसाठी दुवा मागायची. तो वास एवढा दांडगा होता की लोकांना वाटलं, मास्तरांचं सगळं खानदानच आज जेवायला उतरलंय. डोक्यावर टोप्या घालत माणसं आली, गंभीरपणे बसली. रिस्पेकने सुरेल आवाजात पठण केलं. सगळ्यांनी ओंजळी धरल्या, तोंडावरून हात फिरवले. मास्तरांनीही फिरवले, त्यामुळे त्यांचं तोंड काळं झालं.

"कुणाच्या नावाने होतं, मास्तर?" ग्रीशाने हळूच विचारलं. तो दुसऱ्या धर्माचा, पण वास त्यालाही आला होता.

कालीपा दारातून म्हणाली, "उजव्या सिलिंडरच्या."

पण माणसं बसली ती बसली. त्यांना उपाशी कसं उठवायचं? बायकांनी शेजारून तेल आणून चुलीवर खरोखरची कढई चढवली. तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं आणि मास्तरांचे चुलते ओरोझबाय आत आले.

"घरात दुवा मागताय आणि मला निरोप नाही? गेलं कोण? मी तर इथे उभा आहे!"

त्यांना बसवतोय तोवर फाटक पुन्हा वाजलं. मास्तरांचे सासरे तेंती आले होते. त्यांनीही तेच विचारलं, फक्त जास्त शांतपणे, आणि ते जास्त भयंकर होतं. मास्तर घाईने दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, कारण हे दोघे व्याही एकमेकांशी बोलत नसत. मास्तरांच्या लग्नात मेंढ्याचं मुंडकं, जे मानाच्या पाहुण्यापुढे म्हणजे तेंतींपुढे यायचं, ते वाढणाऱ्याने चुकून ओरोझबायपुढे ठेवलं होतं. ओरोझबायनी त्याचा कान कापून पोरांना वाटलाही. "मी ते पुढे सरकवणारच होतो," असं ते आजही सांगत. तेंती म्हणत, "कान कापल्यावर?" म्हणजे तेंती हे गावाला म्हणत. ओरोझबायना म्हणायचं तर बोलावं लागलं असतं.

दोघांनी हात धुतले, एकाने अंगणाच्या या टोकाला बसून चहा घेतला, दुसऱ्याने त्या टोकाला. आणि दोघांचीही नजर तोरूवर पडली. ओरोझबायनी उभी हयात सामुदायिक शेतीवरचा ट्रॅक्टर चालवला होता. तेंतींनी अशाच पाळण्याच्या गाडीवरून डोंगरातलं टपाल वाहिलं होतं. इंजिनातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं या तलावाभोवती कुणाला कळत नाही, याबद्दल दोघांचं एकमत होतं, फक्त माणूस वेगळा होता.

ओरोझबाय उठून डाव्या बाजूला गेले. तेंती उठून उजव्या बाजूला गेले. मास्तर मध्ये राहिले.

"मागचं चाक उचला," ओरोझबाय हवेत बोलले. "चौथा गिअर टाका. आधी एक सिलिंडर चालवा, मग दुसरा. काट्यावर दोघांचा वेग सारखा आला की झालं."

पद्धत बरोबर होती. मागचं चाक चिनाराच्या ओंडक्यावर चढवलं. ओरोझबाय सीटवर बसले, कारण तिथून डावा स्क्रू हाताशी येत होता. तेंती चहाच्या वाटीसकट पाळण्यात बसले, कारण तिथून वाकलं की उजवा. एकेक करून दोन्ही सिलिंडर तपासले आणि मग दोन्ही एकदम सुरू केले.

"एसेनकुल," तेंती म्हणाले, "तुझ्या काकांना सांग, त्यांची बाजू मागे पडतेय."

"काका, सासरे म्हणतात..."

"मी बहिरा नाही," हातभर अंतरावर बसलेले ओरोझबाय म्हणाले आणि त्यांनी डावा स्क्रू वाढवला. "तुझ्या सासऱ्यांना विचार, आता कोण मागे पडतंय?"

"सासरेबुवा, काका विचारतात..."

"ऐकलं," तेंती म्हणाले आणि त्यांनी उजवा वाढवला.

मग डावा वाढला. मग उजवा. जागच्या जागी उभी असलेली तोरू ताशी साठ किलोमीटर वेगाने धावू लागली. सगळी दुवा मागायला आलेली मंडळी बोरसोक खात गोल करून उभी राहिली. कढईतलं तेल थरथरू लागलं. "आता पुरे!" असं मास्तर दोन्हीकडे ओरडले, पण थोरांना पुरे म्हणायचं म्हणजे कुठल्या तोंडाने? त्यांचं तर काळं झालेलं होतं. ओंडका थरथरत थरथरत पाठीमागे सरकला, आणि चाक जमिनीला टेकलं.

तोरू सुटली. फाटक उघडं होतं ही एवढीच त्या दिवसातली दैवाची कृपा. गाडी फाटकासमोरच्या पाण्याच्या पाटात आपटली तेव्हा किकचा दांडा तुटून पडला आणि चावीच्या जागी घातलेला खिळा निम्मा मोडून आत राहिला, म्हणजे इंजिन बंद करायची सोय गेली. क्लचची वायर एक्सलेटरला. ब्रेक मास्तर शनिवारी नीट करणार होते. रिस्पेकच्या दारात चादरीवर जर्दाळू वाळत घातले होते, ती चादर तोरूने अंगावर घेतली. दोन व्याही, एक सीटवर, एक पाळण्यात, जर्दाळूंचा सडा घालत गल्लीतून नाहीसे झाले.

मास्तर सपातांसकट धावले. मागून गाव धावलं. कालीपा हातात झारा घेऊन धावली. तोरू सापडली शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर. ओरोझबायनी शहाणपण करून तिला तिथे वळवली होती आणि आता ती गोल गोल फिरत होती.

"काका, स्क्रू कमी करा!" मास्तर मैदानाच्या मध्यावर जाऊन ओरडले.

ओरोझबायनी डावा कमी केला. तोरू खोकली आणि उसळी मारून तिरकी धावू लागली, कारण उजवी बाजू तशीच भरधाव.

"एसेनकुल!" ओरोझबाय जाता जाता ओरडले, "तुझ्या सासऱ्यांना सांग..." आणि पुढे निघून गेले. वाक्य पुरं व्हायला एक फेरी लागली. "...की त्यांनीही कमी करावा!"

"सासरेबुवा," मास्तर ओरडले, पण तोवर सासरेबुवा पलीकडच्या गोलपोस्टजवळ पोचले होते. पुढच्या फेरीत उत्तर आलं, "त्यांना सांग, त्यांनी आधी..." मास्तर मैदानात आडवे तिडवे धावत होते आणि दोघांचे निरोप एक फेरी उशिरा पोचत होते. मागितलेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं, असं सगळं चाललं होतं. शेवटी मास्तरांची छाती भरून आली आणि ते पांढऱ्या वर्तुळात मटकन खाली बसले. मध्यस्थ संपला.

गाडी आणखी एक फेरी फिरली. मग ओरोझबायचा आवाज आला. मास्तरांच्या लग्नानंतर कुणी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

"व्याही!"

"काय?" पाळण्यातून उत्तर आलं.

"व्याही, अर्धा आटा कमी करा!"

"आधी तुम्ही!"

"एकदम करू! म्हणा बिस्मिल्ला!"

"बिस्मिल्ला!"

दोघे एकदम वाकले. इंजिनाचा आवाज एक पायरी उतरला. "बिस्मिल्ला!" आणखी अर्धा आटा. "तुमची बाजू जरा जड वाटते, व्याही." "मग पाव आटा?" "पावच." बसल्या जागी मास्तरांनी कान टवकारले. डावा आणि उजवा असे दोन आवाज आठवडाभर त्यांच्या डोक्यात घुमत होते. आता एकच आवाज होता, गोल, मऊ, भरदार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोरू संथपणे गोलपोस्टमध्ये शिरली, जाळीत गुरफटली आणि बंद पडली. पोरांनी "गोल!" म्हणून एकच गिल्ला केला.

दोघे म्हातारे जाळीतून बाहेर यायच्या आधी पुन्हा भांडायला लागले होते, गाडी कुणी वाचवली यावर. पण आता थेट तोंडावर भांडत होते, मध्ये निरोप्या नव्हता. आणि एका गोष्टीवर दोघांनी एकत्र हुकूम काढला. स्क्रूला आता कुणी बोट लावायचं नाही, एसेनकुलने तर मुळीच नाही.

रविवार उजाडला. ग्रीशाने काराकोल शहरातून क्लचची वायर आणून बसवली, मास्तरांनी ब्रेक नीट केले, मोडका खिळा काढून नवा घातला. किकचा दांडा मात्र मिळाला नाही. मास्तरांनी नवा सूट घातला, बूट पुसले, इतके की त्यात स्वतःला बघून भांग पाडला. आत बायकांनी निरोपाचं गाणं धरलं. अंगण माणसांनी भरलं. मास्तर हातमोजे चढवत बाहेर आले आणि जागीच थांबले.

तोरूवर ओरोझबाय बसले होते. डोक्यावर पांढरी उंच टोपी, छातीवर ट्रॅक्टरची पदकं. त्यांच्या मागे तेंती, टपालाची पदकं लावून.

"डाव्याकडे मी बघतो," ओरोझबाय म्हणाले.

"उजव्याकडे मी," तेंती म्हणाले. "पुलापर्यंतच जायचंय. व्याही, नीट बसलात ना?"

थोरांना उतरा म्हणणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता. मास्तरांनी हातमोजे काढले, परत घातले, परत काढले. मैरामला पाळण्यात बसवलं, तिच्या मांडीवर रजई दिली. नवरीच्या उंच, पीस लावलेल्या टोपीखालून तिने बापाकडे नुसतं पाहिलं. मास्तरांना ते फार लागलं. पोरीला इतकी वर्षं शब्द दिला होता आणि आता ते दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखे कडेला उभे होते.

"किक कुठाय?" ओरोझबाय म्हणाले. "ढकलावी लागणार."

नवऱ्याकडचे चार धडधाकट तरुण बाह्या सावरत पुढे झाले.

"कुणी हात लावायचा नाही!" मास्तर ओरडले. सगळं अंगण दचकलं. आठवडाभरात त्यांनी ठामपणे काढलेला हा पहिला शब्द होता. रिस्पेकने तोंडाशी नेलेली चहाची वाटी खाली ठेवली.

मास्तरांनी नव्या सुटाच्या बाह्या वर केल्या आणि पाळण्याच्या पाठीला दोन्ही तळहात लावले. दोन म्हातारे, एक नवरी, रजई, पदकं, शिवाय तोरूचं स्वतःचं लोखंड. पहिल्यांदा ती हललीच नाही. मग हलली. फाटकातून बाहेर आली, पाटावरच्या फळ्या ओलांडल्या, उताराला लागली. मैरामच्या टोपीवरचं पीस मास्तरांच्या नाकात जात होतं. "क्लच सोडा, व्याही!" तेंती ओरडले. तोरू एकदा शिंकली आणि दोन्ही सिलिंडर एकदम, एकाच सुरात बोलू लागले. गल्लीभर टाळ्या झाल्या.

मास्तरांनी हात काढले नाहीत. नवे बूट चावत होते, सूट काखेत उसवला होता, तरी ते पाळण्याला धरून धावतच होते. गाडीला आता त्यांची काडीइतकी गरज नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? मैरामने मागे वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"बाबा, सोडा आता. सुरू झाली."

"माहीत आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले, आणि पूल येईपर्यंत धावत राहिले.